टाचणीचे तीन रविवार

मास्तरांनी स्वतःच्या पँटची फाटलेली पट्टी पाचव्यांदा शिवली आणि तिथेच घोळ झाला. पँट राखाडी, दोरा निळा. तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाचा हा पराक्रम. बायकोच्या नजरेतून तो सुटणार होता थोडाच!

"पुन्हा चावली ना?" तिने विचारलं.

"चावली कुठली! खिळ्यात अडकली पँट."

"असं होय? मग त्या खिळ्याला शेपूट कशी हो?"

खिळा मशीनखाली पंजावर हनुवटी टेकून पडला होता, साऱ्या जगाचा साळसूदपणा डोळ्यांत घेऊन. आठ महिन्यांची काळीपांढरी कुत्री, एक कान उभा नि एक पडलेला. एका मेंढपाळाने मास्तरांच्या हातचा कोट आवडला म्हणून हे पिल्लू आणून दिलं होतं. दात टाचण्यांसारखे, म्हणून नाव पडलं टाचणी. मास्तरांनी तिचे इतके लाड केले की विचारू नका. स्वतःच्या ताटातला घास द्यायचे आणि वर म्हणायचे, मी कुठे काय दिलं?

पण टाचणी पळत्या पायाला धरायची. सायकल दिसली की तिच्यामागे, घाईतलं गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या टाचेला. मास्तरांच्या टाचा तर लाल ठिपक्यांनी भरल्या होत्या. ते मोजे घालून लपवत आणि गुपचूप पँट शिवत, कारण बायकोने बजावलं होतं.

"उद्या कुणाचं लहान पोर धरलं म्हणजे? मेंढपाळ तीन आठवड्यांनी परतीच्या वाटेने येणार आहे. तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर घेऊन जाऊ दे त्याला. मलाही ती हवीच आहे, पण म्हणून काय लोकांच्या पायांशी खेळायचं?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. टाचणीवाचून दुकानात बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

शनिवारी मेंढपाळ कळप घेऊन पुढे जाता जाता डोकावला. चहा घेतला, टाचणीला गोंजारलं आणि विचारलं, "सगळ्यात जास्त कधी चावते?"

"रविवारी," बायको म्हणाली. "अकराच्या सुमाराला."

मास्तर भिंतीकडे बघू लागले.

रविवारी अकराला मुलीचा फोन यायचा. ही मुलगी बापाच्या मांडीला मांडी लावून कटिंग शिकलेली, हात असा की बापानेही तोंडात बोट घालावं. दुकान तीच चालवणार, हे मास्तरांनी मनाशी धरलेलं, फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं. दीड वर्षापूर्वी तिने लांबच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि सांगितलं, ते बॅग भरून झाल्यावर. तेव्हापासून मास्तरांनी अबोला धरला. फोन वाजला की ते ताडकन उठायचे, "मला काम आहे" म्हणून तरातरा दुकानाकडे निघायचे. तिचं काही सांगायचं नाही, अशी बायकोला ताकीदच होती. आणि ते निघाले की टाचणी मागून येऊन कचकन टाच धरायची.

"तिची काही चूक नाही, मास्तर," मेंढपाळ म्हणाला. "कळप सोडून जो तडक निघतो, त्याला वळवून आणायचं, हे तिच्या रक्तातच आहे. तुम्ही ओरडता, पाय झटकता. तिला वाटतं, वा, मेंढरू जोरात आहे! तेव्हा एक करा. तिने मान खाली घातली, नजर रोखली, की जागच्या जागी थांबायचं. ओरडायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. ती बसली की शाबासकी, पावाचा तुकडा, आणि मगच पुढचं पाऊल. सायकलींसाठी लांब पट्टा घ्या, दुरून बघू द्या, तुमच्याकडे वळून पाहिलं की पुन्हा तुकडा. घाई करायची नाही."

"तेच तर अवघड आहे यांना," बायको म्हणाली.

पहिल्या रविवारी सगळा बट्ट्याबोळ झाला. फोन वाजला, मास्तर सवयीने उसळले, टाच गेली. "अगं मेले!" असं ते जे काही ओरडले, ते समोरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. टाचणीला तर इतका आनंद झाला की तिने दुसरी टाचही धरली.

मग मास्तर इरेला पेटले. रोज संध्याकाळी पट्टा आणि खिशात पाव घेऊन सायकली बघायला जाऊ लागले. घरी रागावून उठायचा सराव सुरू झाला. पण टाचणी खोट्या रागाला भुलेना, जांभई द्यायची. शेवटी बायको मदतीला आली. "मागच्या वर्षी माझ्या भावाच्या कोटाची बाही तुम्ही आखूड केलीत," एवढं म्हटलं की मास्तर खरोखरच ताडकन उठत. आठवडाभर बायकोने जुनी उणीदुणी मन लावून काढली. तिलाही बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी टाचणीने नुसती पँट धरली, टाच सोडली.

तिसरा रविवार उजाडला. दुपारी मेंढपाळ येणार होता. मास्तरांनी सकाळीच पावाचे तुकडे करून खिशात भरले.

अकराला फोन वाजला. बायको भांडी घासत होती. साबणाच्या बोटाने तिने फोन घेतला, स्पीकर लावला आणि पुन्हा नळाकडे तोंड केलं. मास्तर उठले. टाचणीने मान खाली घातली, नजर रोखली. मास्तर दाराशी थांबले. चौकटीकडे बघत, श्वास रोखून.

"गेले का बाबा?" फोनमधून आवाज आला.

"गेले," बायको पाठमोरीच म्हणाली.

"हं, मग सांग आता. टाचा बऱ्या आहेत का त्यांच्या? मलम लावतेस ना?"

मास्तर हलले नाहीत. हलायची सोयच नव्हती.

"आणि सुयांत दोरे ओवून ठेवतेस ना रोज? विसरू नकोस हं, आई. त्यांना सुईचं भोक दिसत नाही, पण ते कुणाला सांगायचे नाहीत. मी तिथे असताना गुपचूप ओवून ठेवायचे, त्यांना वाटायचं कालच्याच उरल्यात."

"ठेवते गं. पंधरा सुया, तू सांगितलंस तशा."

मागे हलकासा आवाज झाला. टाचणी बसली होती. आता नियमाप्रमाणे पाऊल टाकायला मास्तर मोकळे होते. दार उघडंच होतं. त्यांनी पावाचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला आणि हात नीट दिसेना, म्हणून डोळे पुसले. दीड वर्षात एकदाही थांबून ऐकलं नाही आपण, आणि ही पोरगी दर रविवारी आपलीच चौकशी करत होती. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

"काळा दोरा जरा लांब ठेवायला सांग तुझ्या आईला," ते मोठ्याने म्हणाले. "फार तोकडा असतो."

बायकोच्या हातातली थाळी नळाखाली दणकन पडली.

"बाबा?" मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "लांब ठेवला की गुंता होतो, बाबा. हजारदा सांगितलंय तुम्हाला."

"काही होत नाही गुंता," मास्तर म्हणाले, आणि भांडायला खाली बसले.