एक रुग्ण जास्त

तिने लिहिलेल्या नव्या वेब रिपोर्टमध्ये एक रुग्ण जास्त येत होता. जुन्या डेस्कटॉप प्रोग्रामशी आकडा जुळल्याशिवाय हॉस्पिटल नव्या रिपोर्टवर सही करणार नव्हतं.

"ताई, भूतबित घुसलंय का तुमच्या रिपोर्टात?" शेजारच्या टेबलावरून टेस्टरने विचारलं.

तिने यादी उघडली. जास्तीचा रुग्ण म्हणजे तिचा दादा होता. जुना प्रोग्राम लिहिताना चाचणीसाठी तिने त्याचंच नाव घातलं होतं आणि ते छापून येऊ नये म्हणून रिपोर्टात एक अट टाकली होती. "अगं, मला डिस्चार्ज तरी कधी देणार?" दादा तेव्हा चिडवायचा. गेल्या वर्षी तो गेला. या यादीत मात्र तो अजून भरती होता.

वेब रिपोर्टात ती अट घालायची राहून गेली होती.

"माझीच जुनी चाचणीची नोंद आहे. अट घालू, की नोंदच उडवू?" तिने टेस्टरला विचारलं.

"उडवा की! खोटा माणूस कशाला सांभाळायचा?"

म्हणणं बरोबर होतं. तिने नोंद उडवली आणि रिपोर्ट पुन्हा चालवला. आकडे जुळले. टेस्टरने टाळी वाजवली. मनात काहीतरी हलेल म्हणून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. काहीच हललं नाही, तेव्हा तिने रिपोर्ट सहीसाठी पाठवून दिला.