चार बोटं माया

"हात खाली, महाराज," गेंगबाई म्हणाली, आणि चौरंगावर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या सम्राटाचे हात खाली आले. सांगितलं की करायचं, ही त्याची सवय होती. चार वर्षं तो सेनापतीने लिहून दिलेली फर्मानं वाचत आला होता.

परवा समारंभ व्हायचा होता. सिंहासन तो आपण होऊन सेनापतीला देणार, असं ठरवण्यात आलं होतं. त्यासाठी हा पिवळा झगा. गेंगबाई सव्वीस वर्षं राजवाड्यात शिवणकाम करत होती. सम्राट लहान असला की झग्याच्या कडेला चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, आत दुमडायची आणि पोर वाढेल तशी ती उसवायची, ही तिथली रीत. यंदा तो दोन बोटं वाढला होता. पण या खेपेला माया ठेवू नये, असा निरोप सेनापतीचा कारभारी लौ याने धाडला. कापड कमी आहे म्हणे. कोठीत रेशमाचे एकोणीस तागे पडून होते.

म्हणजे या पोराला आता वाढू द्यायचं नव्हतं. ते कळल्यावर दोन दिवस तिचा हात चालेना. तिसऱ्या दिवशी तिने माया ठेवलीच.

झगा तपासायला आलेला लौ वाकला. झग्याची कड चिमटीत धरून अंगठा फिरवत गेला आणि मध्येच थांबला.

"म्हातारे, हे काय?"

"हाताची सवय, साहेब."

"हाताची ना? मग हातच काढू." तो हसत म्हणाला, पण दारातल्या शिपायाला त्याने खूण केली. शिपाई पुढे आला.

"मी सांगितलं होतं तिला," सम्राट म्हणाला.

लौने वर पाहिलं.

"मला अजून उंच व्हायचंय. म्हणून मीच सांगितलं."

त्याने असं काहीच सांगितलं नव्हतं. पण पिवळ्या झग्यातला सम्राट बोलला की ऐकणाऱ्याने गुडघा टेकायचा, हा नियम परवापर्यंत तरी होता. लौने शिपायाला थांबवलं, एक गुडघा टेकला आणि धूळ झटकत उठला.

"हुकूमच होता, तर बाईचा दोष नाही. फक्त जास्तीचं कापून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

गेंगबाईने कात्री उचलली. पाती एकमेकांवर खडखडत होती.

"सावकाश, आजी," सम्राट म्हणाला. मग तिचा हात चुकू नये म्हणून तो श्वास रोखून, मुळीच न हलता उभा राहिला.