आकाश ऐकणारा सौंसरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. लोक मला डबाच म्हणतात. मी स्वतः आवाज करत नाही. मी ऐकतो, आणि तेही आकाशाचे.

सौंसरच्या बाजारात भाऊरावांच्या पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गायत्री मॅडम माझे चित्र घेऊन आल्या होत्या. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडा गोल डबा आणि आत बोटाएवढी तांब्याची काडी.

"मॅडम, याच्यात तेल ठेवता का गहू?" भाऊरावांनी विचारले.

"काहीच नाही. आकाशातल्या हायड्रोजनच्या लहरी धरायच्या आहेत."

"मंग झाकण नको," असे म्हणून ते कामाला लागले.

या लहरी साधारण वीतभर लांबीच्या आणि अतिशय क्षीण असतात. कॉलेजच्या छतावरची मोठी डिश त्या गोळा करून माझ्या तोंडात टाकणार, माझी काडी त्या तारेत उतरवणार आणि संगणकाच्या पडद्यावरच्या रेषेत हायड्रोजनचा उंचवटा दिसणार, असे ठरले होते.

पण दिसली ती नुसती खरखर. प्राचार्य भगवंतराव म्हणाले, "सुट्ट्या लागेपर्यंत पाहा. मग डिश उतरवा. तिथे सोलर बसवायचे आहे."

मला फार वाईट वाटले. मानसी मात्र हटली नाही. ती मॅडमची विद्यार्थिनी. तिचे वडील दादाराव नागपूरची बस चालवत. भर उन्हात चटके बसणाऱ्या छतावर उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, हा डबा आकाश नाही, खालचा तापलेला स्लॅब ऐकून राहिला!"

तापलेल्या वस्तूही लहरी सोडतात. मानसीने घरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली आणि डिशखाली पसरली. जाळीने स्लॅबच्या लहरी अडवल्या आणि खरखर लगेच कमी झाली! दोष कळला. माझी नजर डिशच्या काठाबाहेर सांडत होती. ती आवरायला तोंडाभोवती रुंद कडे हवे होते. मानसीने स्वतः गणित करून त्याचे माप काढले. भाऊरावांनी कडे घडवले. मग मॅडम आणि मानसी ते माझ्या अंगावर मागेपुढे सरकवून पाहू लागल्या.

एका दुपारी दादाराव छतावर आले. "दिवसा कोणते तारे दिसते वो पोरी?"

"डोळ्यानं नाही दिसत, बाबा. इकडे पाहा."

रेषा हळूहळू वर चढली, गोल वळली आणि खाली आली. उंचवटा! आकाशगंगा आमच्या डोक्यावर होती आणि ती मी ऐकत होतो. दादारावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कितीतरी वेळ ते त्या रेषेकडे पाहत राहिले. भगवंतरावांनी सोलर दुसऱ्या इमारतीवर बसवले.

पुढे अनेक वर्षे मुलामुलींनी माझ्याकडून आकाशगंगा ऐकली. मग नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यात झाडू उभे राहिले, कुंभारमाशीने मातीचे घर केले, काडी हिरवी पडली.

गेल्या हिवाळ्यात मानसी आली. आता ती मोठ्या दुर्बिणींसाठी माझ्यासारखेच कर्णे घडवते. तिने झाडू काढले, माती खरवडली, काडी घासली. भोवती जमलेल्या मुलांना ती म्हणाली, "याचं हे कडं माझं पहिलं डिझाइन. आम्ही इथंच चुकलो अन् इथंच शिकलो. याले पुन्हा वर चढवा."

मित्रांनो, आज मी पुन्हा छतावर आहे. तुमच्याही प्रयोगशाळेत माझ्यासारखे कोणी पडले असेल. त्याला भंगारात देण्याआधी पुसा, तार जोडा, एकदा आकाशाकडे वळवा. आणि काम झाले की त्याच्या तोंडावर स्वच्छ कापड बांधा. कान स्वच्छ असला, तर आम्ही पत्र्याचे डबेही आकाशगंगा ऐकू शकतो.