साठ फ्रेम्सची फेरी

ड्रायव्हरकाका म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सव्वीस वर्षं शहराची बस चालवली, पण गाडीवर ओरखडा नाही की नोकरीच्या कागदांवर लाल शेरा नाही. सकाळची पाळी संपवून दोनला घरी यायचं, जेवायचं आणि तीनच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसायचं, हा त्यांचा नेम. तिथेही ते खेळायला बसत नसत, तपासायला बसत.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा नऊ वर्षांचा कॉम्प्युटर घरी राहिला. सोबत खेळातलं स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची दोन पेडल्सही होती. असल्या जुन्या मशीनवर नवा गेम लावला की चित्र अडखळतं. मग सावल्या कमी करा, पाण्यातली प्रतिबिंबं बंद करा, लांबची झाडं पुसट करा, आणि दर सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे किती चित्रं, पडद्यावर येतात ते मोजा. साठ आल्या तर गुळगुळीत डांबर, वीस आल्या तर खडीचा रस्ता. काका हे सगळं मोजत आणि ‘जुन्या मशीनवाल्यांचा कट्टा’ नावाच्या साइटवर तक्ता टाकत. पदरमोड करून नवं मशीन घ्यायची ऐपत नसलेले तीन-चारशे लोक तिथे जमत, आणि नवा गेम आला की आधी विचारत, काकांचा तक्ता आला का?

येणारच. काकांची पद्धत डेपोतली होती. आधी दहा मिनिटं मशीन गरम करायचं, इंजिन करतात तसं. प्रत्येक सेटिंगवर त्याच रस्त्याने तीन फेऱ्या मारायच्या. वहीत डेपोसारखे रकाने आखलेले होते: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, फ्रेम्सची सरासरी, शेरा. शेवटच्या रकान्यात ते रोज बसच्या कागदावर लिहीत तेच लिहीत: ‘तक्रार नाही.’ असे एक्केचाळीस तक्ते झाले होते, शेतीच्या, फुटबॉलच्या, जहाजांच्या गेमचे. एकाही तक्त्यावर कुणाची तक्रार आली नव्हती.

बेचाळिसावा गेम गाडीचा होता. गाडीचा पहिलाच, म्हणून काकांना वेगळाच उत्साह. सगळ्यांनी बंदरापासून घंटाघरापर्यंत गाडी न्यायची आणि सरासरी सांगायची, असं कट्ट्यावर ठरलं. काकांनी सेटिंग लावलं, तीन फेऱ्या मारल्या आणि लिहिलं: सावल्या मध्यम, प्रतिबिंबं बंद, साठ फ्रेम्स.

दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्यांचं उत्तर आलं. हे गृहस्थ चष्म्याचं दुकान चालवत, आणि पाव नंबरचाही फरक त्यांना सहन होत नसे. ‘तेच मशीन, तेच सेटिंग, तोच रस्ता. माझ्याकडे अडतीस येतात. साठ येणं शक्य नाही.’ मागोमाग आणखी चौघांनी अडतीसच सांगितल्या. संध्याकाळपर्यंत कुणीतरी लिहून मोकळं झालं: ‘काका, आकडे फुगवलेत का?’

कट्टा सांभाळणाऱ्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. किडलेलं वेळेत काढावं, या मताच्या. त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट लिहिलं की रविवारपर्यंत फेरीचा व्हिडिओ द्यावा, नाहीतर हा तक्ता काढावा लागेल. आणि एक आकडा खोटा निघाला तर आधीच्या एक्केचाळीस आकड्यांवर लोकांनी का भरवसा ठेवावा, तेही काढावे लागतील.

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांच्या या कामाचं कौतुक जगात फक्त कट्ट्यावर होतं. त्याच जागी आता ते थापाड्या ठरणार होते. त्या दिवशी वहीतला शेऱ्याचा रकाना पहिल्यांदा कोरा राहिला.

शनिवारी त्यांनी मशीन उघडून धूळ झाडली, सगळं पुन्हा लावलं, व्हिडिओ चालू केला आणि तीन फेऱ्या मारल्या. एकसष्ट, साठ, साठ. काका डोकं धरून बसले.

त्याच खोलीत काकूंचं शिवणयंत्र होतं. काकू लोकांचे पडदे शिवून देत. दोघांची पाठ एकमेकांकडे असल्यामुळे नवरा कॉम्प्युटरवर काय करतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी यंत्र थांबवलं आणि खुर्ची वळवली.

“अहो, मला दाखवा तरी, काय करता ते.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“न कळणाराच बरा असतो कधीकधी. चालवा.”

काकांनी गाडी बंदरातून काढली. थोडं अंतर गेली आणि थांबली.

“का थांबलात?”

“सिग्नल आहे ना.”

गाडी निघाली. पुढे रस्ता ओलांडणारी एक चित्रातली बाई आली, तिच्यासाठी थांबली. वळणावर पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर राखून चालली. मग हलकेच डाव्या बाजूला गेली आणि रिकाम्या फलाटाशी उभी राहिली.

“आणि आता हो?”

“आता…” काकांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे बसथांब्याची पाटी होती. “अगं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

काकूंनी वही ओढून घेतली. “सुटण्याची वेळ तीन दहा, पोचण्याची तीन एकवीस. अकरा मिनिटं लागली. त्या चष्मेवाल्यांना किती लागतात?”

काकांनी कट्ट्यावर शोधलं. चष्मेवाल्यांना चार मिनिटं लागत होती. मग काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी भरधाव सुटली की मशीनला दर क्षणी नवं शहर काढावं लागतं, तिथे त्याला धाप लागते. काकांची गाडी सिग्नलला उभी असायची तेव्हा मशीनही आरामात उभं असायचं, आणि फ्रेम्स चढत राहायच्या. शेतीत ना सिग्नल, फुटबॉलात ना बसथांबा, म्हणून आधीचे तक्ते बरोबर होते. फुगवला कुणीच नव्हता, पण आकडा फुगला होता.

“मग जोरात चालवा,” काकू म्हणाल्या.

काका बसले. मनाशी ठरवलं की थांबायचं नाही. पहिला लाल दिवा आला आणि उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दुसऱ्या वेळी दिवा ओलांडला, पण वेग कमी करूनच. तिसऱ्या वेळी माणसं आडवी आली आणि पाय पुन्हा ब्रेकवर. चोपन्न, बावन्न, त्रेपन्न.

“जित्याची खोड,” काकू म्हणाल्या. “उठा.”

काकूंनी साडी आवरली आणि खुर्चीत बसल्या. जन्मात त्यांनी सायकलही चालवली नव्हती. पण लांबलचक पडद्याची सरळ शिलाई मारताना पाय कसा दाबून धरायचा, हे त्या पायाला तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी पेडल जे दाबलं ते घंटाघर येईपर्यंत सोडलं नाही. सिग्नल गेले, फळांची गाडी गेली, दोन खांब गेले. काका मागे उभे राहून शिवणयंत्राची कड घट्ट धरून होते.

“अगं, डावीकडे. अगं, माणूस आहे.”

“चित्रातला आहे.”

सरासरी आली अडतीस. काकांनी आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या, कारण नियम म्हणजे नियम. सदतीस आणि अडतीस.

“झालं तर मग,” काकू म्हणाल्या. “लिहा, आकडा चुकून पडला. कोण बघायला येतंय?”

“वहीत खाडाखोड चालत नाही,” काका म्हणाले. लोक हसणार हे त्यांना दिसत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. तरी रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही व्हिडिओ टाकले, स्वतःचा अकरा मिनिटांचा आणि काकूंचा साडेतीन मिनिटांचा. खाली लिहिलं, ‘चूक माझी. मी सिग्नलला आणि बसथांब्यावर थांबत होतो. मला कळलं नाही, माझ्या बायकोला कळलं. सुधारलेला तक्ता दोन रकान्यांचा आहे. सावकाश चालवणाऱ्यांसाठी साठ फ्रेम्स, चालक मी. भरधाव चालवणाऱ्यांसाठी अडतीस, चालक सौ.’

कट्टा तासभर हसत होता. मग रुग्णालयातल्या एका परिचारिकेने लिहिलं, ‘मला पाळीनंतर शहरात नुसती गाडी फिरवायची असते. पहिला रकाना माझा, काका.’ तिच्यासारखे आणखी बरेच निघाले. डॉक्टरीणबाईंनी सगळे तक्ते ठेवले आणि यापुढे प्रत्येकाने वेळही लिहावी असा नियम केला. बाकीच्यांची एकच मागणी होती, पुढचा गेम काकूंकडून तपासून घ्या.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” काका म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना पोटातून हसू आलं.

चष्मेवाल्यांचं उत्तर मात्र दिवेलागणीला आलं. ‘पूर्ण अकरा मिनिटं पाहिली. कुणी बघत नसताना, रिकाम्या थांब्यावर आणि खोट्या सिग्नलला जो माणूस थांबतो, त्याला मी आकडे फुगवणारा समजलो. माफ करा, काका.’

काकांनी ते दोनदा वाचलं. मागे शिवणयंत्र एका सुरात चालू होतं. त्यांनी वही उघडली, चार दिवस कोरा राहिलेला रकाना शोधला आणि सावकाश अक्षरात लिहिलं: ‘तक्रार नाही.’