आतला खण

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. माझे उजवे दार आता नीट लागत नाही आणि आरशाच्या जागी पुठ्ठा आहे. मला बोलायची सवय नाही. घरातल्यांचे बोलणे ऐकण्यातच माझा जन्म गेला.

एका लहानशा कारखान्यात पत्रा कापून, ठोकून मला घडवले. वरून करड्या रंगाचे दोन हात मारले. माझ्या पोटात एक छोटा खण बसवला आणि त्याला वेगळे कुलूप दिले. असे कपाट घरात असले की माणसांनी निर्धास्त झोपावे, असे माझा रंगारी म्हणाला होता. मी ते खरे मानले.

मला विकत घेतले ते एका कवळी बनवणाऱ्याने. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे ठसे पाठवायचे आणि हा माणूस मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायचा. कामात वाघ होता, बोलण्यात मात्र कंजूष. त्याची बायको हौशी. ती मला रोज पुसायची, शेजारणींना कौतुकाने दाखवायची. आतल्या खणाची किल्ली मात्र तो स्वतःच्या कमरेला लावायचा.

लबाड नव्हता हो तो. बायकोच्या डोक्याला ताप नको, एवढाच त्याचा हेतू. बँक, विमा, घरपट्टी, सगळे तो एकटाच बघायचा. ती कधीतरी विचारायची, "अहो, आपलं कुठे काय आहे ते एकदा मलाही सांगा ना."

"मी आहे ना. तू कशाला जीव जाळतेस?"

हे ऐकून तिलाही बरे वाटायचे, ते मी लपवणार नाही.

त्यांची मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा एकदा माझ्यापुढे फतकल मारून बसली आणि खणात काय असते, म्हणून हट्टाने विचारू लागली. पैशाच्या गोष्टीत लहानांनी नाक खुपसू नये, असे तिला सांगण्यात आले. ती मोठी झाली, दवाखान्यात नोकरीला लागली. पहिला पगार तिने वडिलांच्या हातात ठेवला. त्यांनी तो कुठे गुंतवला हे ना तिने विचारले, ना त्यांनी सांगितले. लग्नानंतर पगार नवऱ्याच्या हातात जाऊ लागला. जावई हुशार आहे, पोरीला कशात लक्ष घालावे लागत नाही, असे तिची आई सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

मग एका सकाळी काम करता करता कवळीवाल्याच्या हातातून कवळी निसटली आणि पाठोपाठ तोही कोसळला. उजवे अंग लुळे पडले. वाचा गेली.

इस्पितळातून आणल्यावर त्याची खाट माझ्यासमोरच टाकली. तो डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवायचा आणि "ता... ता..." करायचा. बायकोला वाटायचे, टॉवेल हवा. ती माझे दार उघडून धुतलेला टॉवेल काढून द्यायची. तो मान हलवायचा, पुन्हा "ता... ता..." म्हणायचा आणि रडायचा. ती त्याचे डोळे त्याच टॉवेलाने पुसायची. त्याला तारीख म्हणायचे होते, मित्रांनो. आजारपणाच्या विम्याचा हप्ता भरायची तारीख. मला ते ठाऊक होते, पण पत्र्याला कुठली जीभ?

शेवटी तिने त्याच्या कमरेची किल्ली काढून खण उघडला. कागदांचा गठ्ठा घेऊन आधी विम्याच्या कचेरीत गेली. हप्ता थकला होता आणि वाढीव मुदतही संपली होती. मग ती बँकेत गेली. खिडकीवरच्या बाईंनी कागद दोनदा पाहिले आणि हळू आवाजात सांगितले, "काकू, खात्यावर फक्त त्यांचं नाव आहे. त्यांना सही करता येत नसेल, तर कोर्टातून परवानगी आणावी लागेल. वेळ लागेल त्याला."

आजाराला थांबायला वेळ नव्हता. तो पुन्हा इस्पितळात गेला. तेव्हा तिचा धाकटा दीर मदतीला धावून आला. त्याने मागच्या खोलीतली यंत्रे विकून दिली. बिल भागवून जे उरले ते एका ओळखीच्या माणसाच्या योजनेत घालू म्हणाला, दरमहा घरबसल्या पैसे येतील. योजनेचा कागद माझ्याच दाराला टेकवून तिने सही केली. मुलगी शेजारी उभी होती. तिने कागद वाचला, पण तिला काही उमगले नाही. शिकलेल्या बाईने विचारायचे तरी कसे, म्हणून ती गप्प राहिली. काही महिने पैसे आले. मग योजनेच्या कचेरीला टाळे लागले. दिराचेही सगळे त्यातच बुडाले. तो वहिनीपुढे यायचा आणि खाली मान घालून बसून राहायचा.

त्यानंतर कवळीवाल्याची बायको शिकायला निघाली. बँकेतल्या त्या बाईंकडे ती दुपारच्या रिकाम्या वेळी जाऊन बसायची. व्याज कसे मोजतात, वारस का नेमतात, सही करण्याआधी काय विचारावे, हे सगळे ती भराभर शिकली. तोवर तो घरी परतून पुन्हा माझ्यासमोर खाटेवर होता. एके दिवशी ती येऊन खाटेशी बसली आणि म्हणाली, "अहो, आज मी माझं मी खातं उघडलं. कुणाला विचारावं लागलं नाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. त्या खात्यात जमा करायला तिच्याकडे फारसे काहीच नव्हते.

तो गेला. त्याच्या खात्यातले पैसे मोकळे झाले ते आजारपणात झालेली उधारी फेडण्यात गेले. तिने मुलीला जवळ बसवून सांगितले, तुझ्या घरात काय कुठे आहे ते आजच विचारून घे. मुलगी म्हणाली, "आई, त्यांना नाही आवडत असलं विचारलेलं."

मित्रांनो, माझ्यासारख्या कपाटाला रंग नसला तरी चालेल. पण त्याचे कुलूप घरातल्या प्रत्येकाला उघडता यायला हवे आणि आतले कागद प्रत्येकाला वाचता यायला हवेत. लहान असाल तर लहानपणी विचारा, कमवू लागाल तेव्हा विचारा, लग्न झाल्यावरही विचारा. कोणी रागावले तर पुन्हा विचारा. शिकायला उशीर झाला तरी हरकत नाही, असे त्या बाईला सगळे धीर देताना म्हणायचे. मी तिच्यासमोर उभे राहून पाहिले आहे. हरकत असते.