खिळ्यावरची किल्ली

दातांच्या त्या दवाखान्यात ताईंना सगळे ‘रेडिओ’ म्हणत. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं. ताई पेशंटला खुर्चीत बसवायच्या, गळ्याशी कागदी रुमाल अडकवायच्या आणि बिचाऱ्याचं तोंड उघडं आहे, त्याला उलट उत्तर देता येत नाही, याचा पुरेपूर फायदा घ्यायच्या. आपल्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्या स्वतःच सांगत, तेही कुणी न विचारता.

असा हा रेडिओ गेले सोळा दिवस बंद होता, आणि त्याला कारण होतं बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी.

टाकी मोठ्या डॉक्टरांची. दवाखाना मुलीच्या, म्हणजे धाकट्या डॉक्टरांच्या, हाती सोपवून त्यांना चार वर्षं झाली होती, पण टाकीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आत आफ्रिकेतल्या तळ्यांमधले सिक्लिड मासे होते, काही निळे, काही पट्ट्यापट्ट्यांचे, आणि लिंबाच्या रंगाची एक मादी, जिला ते ‘बाईसाहेब’ म्हणत. रोज दुपारी येऊन तिच्याशी गप्पा मारणं हाच त्यांचा उद्योग. मग डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तीन आठवडे घरी बसणं आलं, तेव्हा कुठे त्यांनी ताईंना समोर बसवून सगळं शिकवलं. तापमान पंचवीस. शनिवारी पाव टाकी पाणी बदलायचं, नव्या पाण्यात आधी क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे. पाणी काढताना हीटरचा प्लग काढायचा, नाहीतर उघडा पडलेला हीटर तापून त्याची काच तडकते. पाणी तपासायच्या नळीत रंग पिवळा राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर पाणी बिघडलं.

“आणि काहीही झालं तरी घाई नाही. माशाला बदल सोसतो, पण सावकाश,” ते म्हणाले होते.

ताईंनी पहिल्याच दिवशी टाकीभोवतीचा पसारा आवरला. प्लगशेजारच्या खिळ्याला दवाखान्याची किल्ली लटकत असे. दाराची किल्ली टाकीपाशी कशाला, म्हणून त्यांनी ती उचलून टेबलाच्या खणात ठेवली.

शनिवारी अर्धा दिवस. ताईंनी पाणी अगदी सांगितल्यासारखं बदललं, काच पुसली, खणातून किल्ली घेतली आणि कुलूप लावून स्वतःवर खूश होत घरी गेल्या. सोमवारी सकाळी बघतात तर तापमान एकोणीस, सगळे मासे तळाशी, आणि हीटरचा प्लग जमिनीवर.

चहाच्या किटलीत पाणी उकळत होतं. ती उचलून त्या टाकीवर कलंडवणारच होत्या, तेवढ्यात ‘घाई नाही’ आठवलं. किटली खाली ठेवली. हीटर लावला, पण आधी एकवीसवर, मग तेवीसवर, असं करत बुधवारी पंचवीस गाठले. नळीतला रंग पिवळा होता. बाकीचे मासे वर येऊन दाण्यांवर तुटून पडले. बाईसाहेब मात्र दगडामागून हलेनात. गळा सुजलेला, तोंड घट्ट मिटलेलं, अन्नाचा कण नाही. वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलेल्या ताईंनी निदान करून टाकलं, आत पू झालाय आणि तो आपल्यामुळे झालाय.

रोज संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांचा फोन येई. “बाईसाहेब जेवल्या का?”

“जेवल्या,” ताई म्हणत, आणि फोन ठेवला की मिठाची गुळणी धरून बसत. खुर्चीतल्या पेशंटशीसुद्धा बोलत नसत. एकाने घाबरून विचारलं, “ताई, माझी दाढ एवढी वाईट आहे का हो?”

तिसऱ्या बुधवारी मोठे डॉक्टर आले. काळा चष्मा लावून, भिंतीला हात टेकत. “अजून धूसर दिसतंय. काय रेडिओ, बातम्या काय?”

ताईंना राहवलं नाही. प्लग, एकोणीस, किटली, सूज, रोजचं खोटं, सगळं एका दमात बाहेर पडलं. “सोमवारपासून जेवली नाही हो ती. मी मारलं तिला.”

आतल्या खोलीतून धाकट्या डॉक्टरांचा आवाज आला. “अगं, सोमवारपासून कुठलं? त्याच्या आधीच्या शुक्रवारीच तू सांगत होतीस की, बाईसाहेब रुसल्यात, दाण्याला तोंड लावत नाहीत म्हणून. चार पेशंटना ऐकवलंस.”

ताईंनी बोटांवर दिवस मोजले. खरंच की. शुक्रवारी पाणी पंचवीस होतं.

मोठे डॉक्टर हसू दाबत म्हणाले, “दात बघायचा टॉर्च आण. तिच्या गळ्यावर धर. मला दिसत नाही, तू सांग.”

ताईंनी काचेला नाक लावलं. बाईसाहेबांनी तोंड किंचित हलवलं. गळ्याच्या पातळ कातडीमागे काळे ठिपके होते, जोडीजोडीने, आणि ते हलत होते.

“डॉक्टर, डोळे आहेत! पुष्कळ डोळे!”

“पिल्लं आहेत ती. ही जात अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तीन आठवडे उपाशी राहते, पण तोंड उघडत नाही.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या पेशंटच्या बाकावर बसल्या आणि आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, “पण प्लग मी विसरलेच ना.”

“किल्ली कुठे ठेवलीस?”

“खणात.”

मोठ्या डॉक्टरांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दहा वर्षांपूर्वी मीही असाच प्लग विसरलो होतो. ऐन थंडीत. अकरा मासे गेले. घरी सांगितलं, रोग आला. तेव्हापासून किल्ली प्लगपाशी. ती घ्यायला आलं की प्लग दिसतोच. तुला सगळं शिकवलं, एवढंच सांगितलं नाही. लाज वाटली. चूक माझी आहे, बाई.”

ताईंनी खणातून किल्ली काढली आणि पुन्हा खिळ्याला लटकवली.

“हे कुणाला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, डॉक्टर.”

“सोळा दिवस भिजला की.”

दुपारपर्यंत पिल्लांची बातमी प्रत्येक पेशंटला कळली, टपालवाल्याला कळली, समोरच्या चष्म्याच्या दुकानातही कळली. कुणीतरी विचारलं, दाराची किल्ली टाकीपाशी कशाला? ताई म्हणाल्या, “तिथेच बरी असते,” आणि दुसऱ्या विषयावर गेल्या.