वेळेवर न उतरवलेली पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. जुनी म्हटलं म्हणून भंगार समजू नका. नागपूरच्या इतवारी बाजारातून आलेल्या फल्लीतेलाच्या, म्हणजे शेंगदाणा तेलाच्या, पिप्याचं माझं अंग आहे, अजून कुठे भोक नाही. भिवापूरजवळचे शेतकरी नत्थूजी यांनी तो पिपा कापला, ठोकून सरळ केला आणि लाल रंगाने माझ्यावर लिहिलं, ‘औषध मारले आहे. आत येऊ नये.’ खाली कवटी काढली, कारण त्या वाटेने जाणाऱ्या कितीतरी बायांना अक्षर येत नाही. कवटी जरा भोपळ्यासारखी झाली, पण समजायची.

मित्रांनो, तेव्हा माझा काय मान होता! मिरचीवर फवारणी झाली की नत्थूजी मला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीला टांगायचे. औषधाच्या कागदावर जितके दिवस लिहिलेले, तितके दिवस मी लटकायचे. दिवस भरले की ते स्वतः उतरवायचे, पुसायचे, घरी न्यायचे. पाण्याच्या दांडाच्या कडेने चिवळीची रानभाजी उगवते, ती खुडायला येणाऱ्या बाया आधी बोरीकडे पाहायच्या. मी दिसले की माघारी. नसले की खुशाल ओटी भरायच्या, आणि जाताना भाजीची पहिली मूठ शेतमालकाच्या घरी द्यायच्या. तशी रीतच आहे तिथली.

नत्थूजी गेले. शेत त्यांच्या मुलाकडे, भैय्याजीकडे आलं. पाटी लटकलेली असली की मिरची चोरीला जात नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. झालं! दिवाळीला मला टांगलं, ते संक्रांत उलटली तरी उतरवलं नाही. फवारणी असो नसो, मी लटकलेलीच. वर मोठी अक्कल चालवली म्हणून सगळ्यांना सांगत फिरला. मला राखणीला बसवलं आणि खोटारडी करून ठेवलं. बाया आधी बिचकल्या, मग हसायला लागल्या. एकीने तर माझ्यावर विळा घासला.

आणि एका सकाळी खरंच फवारणी झाली. दुपारपर्यंत वाऱ्याने वास उडाला. तेवढ्यात गोपिकाबाई आली, सोबत शेजारीण माया.

“अवं बाई, पाटी हाये ना,” माया थबकली.

“ते तं दिवाळीपासून लटकून राहिली. भैय्याजी काय आंघोळीले बी औषधच घेते का?” गोपिका हसली. “माह्या रितिकाले चिवळीची भाजी लय आवडते. चार दिस झाले मागून राहिली पोरगी.”

रितिका म्हणजे तिची नात, तिसरीत शिकणारी. मी वाऱ्यावर आपटले, खडखडले. पण पत्र्याचं ओरडणं कोण मनावर घेतं? माया परत गेली. गोपिकाने ओटी भरली.

पाचव्या दिवशी गोपिका आली ती रिकाम्या ओटीने. भैय्याजी दांडाला पाणी लावत होता.

“तीन दिस नागपूरच्या दवाखान्यात होतो. पोरगी ओकून ओकून पार गयाली. काल कुठं धड बोलली.”

“मावशी, पाटी तं होती...”

“पाटीचं नाव नोको काढू! मले एक सांग. पहिली मूठ मी तुह्या बायकोच्या हातात देल्ली होती. तुमच्या घरी तं कोणी बिमार नाही पडलं. तुमी काहून नाही खाल्ली?”

भैय्याजी फावड्याकडे पाहत राहिला. “फेकून देल्ली. उकिरड्यावर.”

“म्हणजे तुले मालूम होतं!”

“येऊन सांगाची लाज वाटली, मावशी. पाटी इतके दिस खोटी होती, हे कबूल करावं लागलं असतं.”

“चार घरं पलीकडं राहतो गा तू! तुह्या घरचं ताट वाचलं, अन् माह्या लेकरानं सलाईन घेतली.”

मग तिने बोरीवरून मला उतरवलं, काखेत मारलं. “आता हे माह्या घरी राहीन. औषध माराचं असन तं दारात येऊन मागाची. लावीन मी, काढीन बी मीच.”

तेव्हापासून मी तिच्या घरी खुंटीला असते. फवारणी आली की भैय्याजी दारात मान खाली घालून उभा राहतो. ती त्याला मुद्दाम ताटकळत ठेवते. ठेवावंच! रितिका औषधाच्या कागदावरचे दिवस वाचून दाखवते, आजी भिंतीवर कोळशाने तितक्या रेघा ओढते आणि रोज एक पुसते. शेवटची रेघ पुसली, की मला आणायला निघते.

तरी अजून काही बाया मला पाहून हसतात आणि शेतात शिरतात. पत्रा तापतो माझा! एकदा गेलेली पत परत यायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.

म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यासारखीला टांगायला कुणीही टांगेल. दिवस भरले की त्याच दिवशी उतरवायला या. एरवी बोर रिकामी दिसली, तरच मी लटकलेली खरी वाटेन.